वाचकांचे प्रश्न : नोकरी गेली, मुदत साठ दिवसांची

प्रश्न : मी अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करत होतो. गेल्या आठवड्यात कंपनीने केलेल्या कपातीत माझी नोकरी गेली. पत्नी व मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहेत. माझा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, दोन वर्षांपूर्वी मंजूर झाला आहे. तो आता वाया गेला का? साठ दिवसांत नव्या नोकरीवर रुजू झालो नाही, तर सगळे आवरून निघावे लागेल, या विचाराने पहाटे तीनलाच जाग येते. दिवसभर अर्ज करत बसतो, पण मन लागत नाही. आई-वडिलांना अद्याप काही सांगितलेले नाही.

उत्तर : प्रथम शेवटची तारीख नक्की करा, कारण पहाटे तीनला छळणारी भीती बहुधा अर्धवट माहितीवर पोसलेली असते. २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार नोकरी गेल्यावर देशात राहण्याची सवलत साठ दिवसांपर्यंतच मिळते आणि आय-९४ची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीत दिलेली वास्तव्याची, मुदत त्याआधी संपत असेल, तर तीच अंतिम धरली जाते. दिवसांची मोजणी नोकरी संपल्यापासून, म्हणजे सामान्यतः ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्या दिवसानंतर, सुरू होते. नुकसानभरपाईची एकरकमी रक्कम मिळाल्याने ही मुदत लांबत नाही. मात्र या मुदतीत नव्या नोकरीवर रुजू व्हावेच लागते, हा तुमचा समज बरोबर नाही. नव्या कंपनीने तुमच्यासाठीचा अर्ज मुदतीत दाखल करणे पुरेसे असते आणि तो रीतसर दाखल झाला, की मंजुरीची वाट न पाहता तिथे काम सुरू करता येते. पत्नी व मुलीचे एच-४ तुमच्या दर्जावर अवलंबून असल्याने त्यांच्यासाठीही हीच तारीख लक्षात ठेवावी.

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटलेले असल्याने जुन्या कंपनीने तो मागे घेतला, तरी ग्रीन कार्डच्या रांगेतील तुमची तारीख सामान्यतः कायम राहते. नव्या कंपनीला प्रक्रिया नव्याने करावी लागेल, परंतु रांगेतील जागा तीच असेल.

नोकरी वेळेत जमली नाही, तर मुदत संपण्यापूर्वी बी-२ या पर्यटकाच्या दर्जासाठी अर्ज करून निर्णय होईपर्यंत थांबण्याचा मार्ग काही जण घेतात. त्या काळात काम करता येत नाही आणि पुढे पुन्हा एच-१बीकडे वळताना गुंतागुंत होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मधील राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले, त्यामुळे घाबरून तिकिटे काढण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाशी बोलावे. जुन्या कंपनीचा वकील कितीही सौजन्याने वागत असला, तरी तो कंपनीचे हित पाहतो.

आता तुमच्या मनाविषयी. दिवसभर अर्ज करत राहण्याने काम केल्याचे समाधान मिळते, परंतु ओळखीच्या माणसाने नाव सुचवले तर मुलाखतीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते आणि संकोचामुळे नेमके तेच टाळले जाते. सकाळचे ठरावीक तास अर्जांसाठी ठेवून दुपारी रोज दोघा-तिघा जुन्या सहकाऱ्यांना स्वतः फोन करा. कपातीत गेलेली नोकरी हा तुमच्या कामावरचा शेरा नव्हे, हे त्यांना ठाऊक असते. आई-वडिलांना सांगायचे ते या आठवड्यातच सांगा. त्यांच्यासमोर रोज सारे ठीक असल्याचा आव आणण्यात तुमची बरीच शक्ती खर्च होत असणार. मुलीलाही थोडक्यात सांगावे, कारण घरातला ताण मुलांना कळतोच आणि कारण न कळल्यास ती स्वतःलाच दोष देऊ लागतात.

कंपनीचा आरोग्य विमा नक्की कधी संपतो ते विचारून घ्या. कोब्रा या अमेरिकी कायद्याखाली तो स्वखर्चाने पुढे चालू ठेवता येतो. तो महाग पडतो, तरी इतर पर्यायांशी तुलना करून पाहावी. झोपेची तक्रार दोन आठवड्यांत कमी झाली नाही, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले, तर वेळ न दवडता ९८८ हा मानसिक संकटातील मदतीचा क्रमांक फिरवावा. तो चोवीस तास सुरू असतो आणि तिथे बोलण्यासाठी व्हिसाचा दर्जा आड येत नाही.

पत्नीबरोबर बसून चाळिसाव्या दिवसाच्या आसपासची एक तारीख ठरवा. परतायचे, बी-२चा अर्ज करायचा की आणखी थांबायचे, याचा निर्णय त्या दिवशी दोघांनी मिळून घ्यावा आणि तोपर्यंत हा विषय रोज रात्री उकरून काढू नये.