न्यायवैद्यक आणि न्यायसहायक

‘डीएनए चाचणीचा अहवाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून आला’ अशी वाक्ये बातम्यांत येतात. मग त्याच प्रयोगशाळेच्या ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ या शासकीय नावात ‘न्यायसहायक’ का, आणि ‘फॉरेन्सिक’साठी वापरले जाणारे हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का, असा प्रश्न आहे.

ते एकाच अर्थाचे नाहीत. वैद्यक म्हणजे रोगाचे, शरीराचे शास्त्र. त्यामुळे शवविच्छेदन, जखमेचे स्वरूप आणि मृत्यूची वेळ व कारण हा न्यायवैद्यकाचा प्रांत आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांतला ‘न्यायवैद्यकशास्त्र विभाग’ हेच काम करतो. शवविच्छेदनात राखून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे अंतर्गत अवयवांचे नमुने, मात्र विषाच्या तपासणीसाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. तेथून येणाऱ्या अहवालाला पोलीस आणि वकील ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात. त्यातला ‘सी.ए.’ म्हणजे ‘केमिकल अ‍ॅनालायझर’, रासायनिक विश्लेषक, वैद्य नव्हे.

ही सरमिसळ समजण्याजोगी आहे, कारण या शास्त्राचा आरंभ वैद्यक आणि रसायन यांच्या सांध्यावरच झाला. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, ओळखण्याची अतिशय संवेदनशील कसोटी प्रसिद्ध केली. आणि १८४० मध्ये फ्रान्समधील मारी लाफार्ज खटल्यात, आधीच्या तज्ज्ञांची उत्तरे परस्परविरोधी ठरल्यावर, मातेओ ऑर्फिला या वैद्याने तीच कसोटी वापरून मृताच्या अवयवांत सोमल असल्याचे दाखवून दिले. त्या टप्प्यापर्यंत ‘न्यायवैद्यक’ हा शब्द बराचसा पुरला असता.

पुढे तो पुरेनासा झाला. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, पण तिचा गणिती सांगाडा, १०२४ कप्प्यांच्या मांडणीसह, अझीझुल हक यांनी उभा केला आणि हेमचंद्र बोस यांचाही तिच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. हे तिघेही पोलीस खात्यातले होते, वैद्य नव्हते, आणि हक व बोस यांची नावे या संदर्भात आवर्जून घेतली गेली पाहिजेत असे मला वाटते. हस्ताक्षर, बंदुकीच्या गोळीवरील ओरखडे, मोबाइलमधील नोंदी यांचाही वैद्यकाशी संबंध नाही. १९८४ मध्ये लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधलेली डीएनए ओळखही अनुवंशशास्त्रातून आली.

म्हणून डीएनए, ठसे किंवा शस्त्र यांच्या तपासणीसाठी ‘न्यायवैद्यक’ चुकीचे आहे. ‘न्यायसहायक’ बरोबर आहे, पण त्याला ‘विज्ञान’ किंवा ‘वैज्ञानिक’ यांची जोड हवी. नुसत्या ‘न्यायसहायक अहवाल’ने न्यायालयातल्या एखाद्या मदतनिसाचा भास होतो. बोलण्यात आणि बातमीच्या मथळ्यात ‘फॉरेन्सिक’ वापरायला माझी हरकत नाही. त्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘फोरम’मध्ये, म्हणजे रोममध्ये जिथे खटलेही चालत त्या चौकात आहे, आणि त्यात वैद्यकाचा अर्थ मुळातच नाही.