टोलनाक्यावर गरम होणारा एसी

प्रश्न : माझी २००९ची गाडी. हायवेला एसी गारेगार, पण आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत गरम हवा. गॅस भरू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, गॅस भरायची घाई नको. धावत्या गाडीत वारा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. एसी लावून बॉनेट उघडा. हात लांब, पंखा अचानक सुरू होतो. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, तपासा. फ्यूजच्या डब्यातला शेजारचा तसाच रिले लावून बघा. तरीही नाही, तर बहुधा पंख्याच्या मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे घासते तुकडे) झिजलेले असतात.

पंखा फिरतोय? मग कंडेन्सरची जाळी बघा. आमच्या सांगलीकडे तिच्यात धूळ आणि उसाचं पाचट हमखास निघतं. हलक्या धारेनं धुवा, जोराच्या फवाऱ्यानं जाळीचे पातळ पापुद्रे वाकतात.

आणि ‘दरवर्षी गॅस भरा’ सांगणाऱ्याची मला चीड आहे. गॅस संपत नाही, गळतो. पाइपच्या जोडाशी तेलकट डाग दिसला, तर गळती बहुधा तिथंच.