कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब नाही

इंजिन सीटांच्या मागे आणि पुढच्या चाकांच्या पुढ्यात दोन बाजूंना दोन रेडिएटर, अशी तुमची गाडी. दोन आठवड्यांत अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गायब, जमीन कोरडी, आणि जोरात फिरवून थांबलात की डाव्या बाजूने गोडसर वास. एक मेकॅनिक म्हणतो दोन्ही रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो लीक बंद करणारी पावडर टाका. दोघांनीही गळती डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळे तूर्तास दोघांचंही ऐकू नका.

जमीन कोरडी असण्यात नवल नाही. तापलेल्या रेडिएटरवर झिरपलेला थेंब खाली पडायच्या आधीच उडून जातो आणि मागे फक्त वास उरतो. त्यात या गाड्यांचं पोट सपाट पॅनलांनी झाकलेलं. पुढे पडलेलं पाणी वाऱ्याने मागे सरकतं आणि भलत्याच जोडातून गळतं. माझ्या गाडीला दाराखाली ओल दिसायची. तिथून जाणाऱ्या लांब पाइपवर संशय घेऊन मी दोन रविवार घालवले. गळत होता पुढचा रेडिएटर.

सुरुवात कूलंटच्या टाकीच्या कॅपपासून करा, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. आतलं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर दाब धरला जात नाही आणि कूलंट वाफेच्या रूपाने निघून जातं. कॅप तपासायला पाच मिनिटं लागतात, तरी बहुतेकजण तिला शेवटी हात लावतात.

मग कॅपच्या जागी बसवायचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर. कॅपवर जो आकडा छापलेला असतो, बहुधा १ ते १.५ बारच्या दरम्यान, तेवढाच दाब द्या. त्याच्या वर नको. काटा पंधरा मिनिटं नाही, चांगला तासभर बघा. डाव्या चाकाच्या लायनरचा (चाकाभोवतीच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा) पुढचा अर्धा भाग काढला, तर बंपर न उतरवताही टॉर्चने रेडिएटरची मागची बाजू दिसते. काटा उतरतोय पण बाहेर ओल नाही, असं झालं तर मामला वेगळा. काचेवर चिकट धुकं धरत असेल तर हीटरची जाळी बघा. नाहीतर कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी ब्लॉक टेस्ट करा. त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय, म्हणजे हेड गास्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं. आणि काटा हललाच नाही, तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकून दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि रात्री यूव्ही टॉर्च मारा. काही फटी गरम झाल्यावरच उघडतात.

तरी तुमच्या वर्णनावरून माझी पैज रेडिएटरच्या स्वतःच्या टाकीच्या शिवणीवर. बाजूची ही टाकी प्लॅस्टिकची, जाळी अॅल्युमिनियमची, मध्ये रबरी गास्केट, आणि पत्र्याचे दात वाकवून सगळं आवळलेलं. तापणं-थंड होणं दोघांचं सारखं नसतं. काही वर्षांनी गास्केट दमतं. तिथे कूलंटच्या रंगाचा किंवा पांढरट खार दिसेल. दुसरा संशयित म्हणजे कचरा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते, तिथे पानं जाऊन कुजतात. मी बंपर काढला तेव्हा त्या फटीत शेणखतासारखा काळा, ओला लगदा होता. तो ओढला तर खालच्या फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) भुगा होऊन बोटाला चिकटून आल्या.

शिवण गळत असेल तर दात पुन्हा आवळायच्या फंदात पडू नका, ते तुटतात. इपॉक्सी फक्त घरी पोचण्यापुरती. पावडर मी तरी कधीच टाकणार नाही, ती हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि एका दुखण्याची दोन होतात. रेडिएटर बदला, पण गळणाराच. उजव्याच्याही फिन्स हाताला भुगा होत असतील, तर बंपर उतरलेलाच आहे, तोही उरकून घ्या. एसीच्या पाइपांना हात न लावता कंडेन्सर तारेने बाजूला टांगून ठेवा. जोडांतल्या ओ-रिंग (रबरी कडी) नव्या घाला, बसवताना थोडं कूलंट लावा, ग्रीस नको.

भरण्याचं काम मात्र निवांत करा. पाइप पुढून मागेपर्यंत लांब असल्याने हवा अडकते आणि तापमानाचा काटा नॉर्मल दाखवत असतानाही इंजिन कुठेतरी उकळत असतं. व्हॅक्यूम फिलर (आतली हवा खेचून मग कूलंट भरणारं उपकरण) मिळाला तर उत्तम: व्हॅक्यूम ओढून थोडा वेळ थांबा, काटा जागचा हलला नाही तर जोड घट्ट आहेत हेही कळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, १ बार दाबाखाली १२५ च्या वर. म्हणून तर त्या कॅपला एवढं महत्त्व. रंग बघून कूलंट घेऊ नका, गाडीच्या पुस्तकातला स्पेक बघा. जुनं कूलंट लगेच झाकून ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू द्या. दोन्ही रेडिएटरचे पाइप सारखेच गरम लागले पाहिजेत. एक गार राहिला तर हवा अजून तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी बघा. आधी लायनर उघडा आणि खार नेमका शिवणीवर आहे की जाळीच्या मध्यात, ते सांगा. मध्यात असेल तर बहुधा दगड लागलाय, मग उजवा रेडिएटर निर्धास्त राहू द्या.