केबलची किंमत ऐकू येते का?

प्रश्न : सर, आजवर मी गाणी हेडफोनवरच ऐकत आले. आता साठवलेल्या पैशांतून चांगला अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेणार आहे. माझे थोरले दीर या छंदात मुरलेले आहेत. ते म्हणतात, ‘उंची ऑडिओ महाग असा नसतोच. घेणाऱ्याला परवडलं आणि आनंद मिळाला, की किंमत वाजवी.’ त्यांनी सुचवलेली स्पीकरची केबल मी निवडलेल्या स्पीकरच्या जोडीइतक्याच किमतीची आहे. त्यांचं खरं मानायचं का? आणि पटलं नाही, तर त्यांना न दुखावता नाही कसं म्हणू?

उत्तर : तुमच्या दिरांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. सेनहायझरच्या ‘एचई १’ या हेडफोनचा अँप्लिफायर इटलीतल्या कारारा संगमरवरात बसवलेला आहे. तो दगड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. कुणी त्या दगडासाठी, त्या घडणीसाठी पैसे मोजले, तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. त्यांना काय मिळालं ते त्यांना ठाऊक आहे.

पण ‘हे लावा, आवाज सुधारेल’ असं सांगून वस्तू विकली, तर आवाज सुधारलाच पाहिजे. नाही सुधारला तर ती वस्तू महाग आहे, मग घेणारा कितीही श्रीमंत असो आणि कितीही खूश असो. २०१० साली लेक्सिकॉन या कंपनीचा ‘बीडी-३०’ हा ब्लू-रे प्लेअर उघडून पाहिला गेला. आत ओप्पो या दुसऱ्या कंपनीचा ‘बीडीपी-८३’ हा प्लेअर जसाच्या तसा, त्याच्या पत्र्याच्या सांगाड्यासकट निघाला. किंमत मात्र सुमारे सातपट. ज्यांनी तो घेतला त्यांना आवाज चांगलाच मिळाला असणार, कारण ओप्पोचा प्लेअर मुळात उत्तम होता. त्यांचा आनंद खरा धरला, तरी ती सातपट किंमत वाजवी ठरत नाही.

आनंदाचा पुरावा मी का मानत नाही, तेही सांगतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले. एकदा स्पीकर समोर दिसत होते, एकदा पडद्याआड होते. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले. पडदा आल्यावर फरक बराच आटला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट : स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, पण स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांना तो बदल नीट जाणवत नव्हता. डोळे नसलेलं ऐकवतात आणि असलेलं झाकतात. हे अनुभवी कानांच्या बाबतीतही घडतं, त्यामुळे तुमचे दीर खोटं बोलत आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांना फरक जाणवतो. तो केबलमधून येतो का, एवढाच प्रश्न आहे.

आता केबलचंच बघू. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घ्या. अँप्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तार लागते. तिचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, होतो सुमारे ०.०७ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर तारेचा वाटा एक टक्काही नाही. चांदीची तार घेतली तर या एक टक्क्याच्या आतल्या वाट्यात किंचित घट होईल, बस्स. मी ध्वनिमुद्रण करतो. तुम्ही ऐकता ते गाणं तुमच्यापर्यंत पोचण्याआधी मायक्रोफोनपासून आमच्या टेबलापर्यंत कित्येक मीटर साध्या तांब्यातून आलेलं असतं. शेवटच्या पाच मीटरना सोन्याचा भाव देऊन त्यात जे नव्हतं ते कुठून येणार?

अँप्लिफायरबद्दल थोडक्यात : नीट बनवलेल्या साध्या अँप्लिफायरचा गोंगाट आणि विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) कानाला कळण्याच्या खाली असते. खोली मोठी असेल तर ताकद बघा, नाव नको.

पैसे खरोखर ऐकू येतात ते स्पीकरमध्ये, विशेषतः खर्जात. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर स्पीकरच्या आतल्या, आवाज काढणाऱ्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. म्हणून खोल खर्जासाठी मोठा वूफर (खर्ज वाजवणारा भाग), जबर चुंबक आणि न थरथरणारी जड पेटी लागते. लाकूड, धातू आणि माणसाचे कष्ट यांना पैसे पडतात आणि ते पडायलाच हवेत. अशा स्पीकरला कुणी उधळपट्टी म्हटलं की मला वाईट वाटतं. अर्थात, स्पीकरमध्येही नुसत्या किमतीवरून निवड करू नका. हेडफोनच्या बाबतीत २०१७ साली जेरोएन ब्रेबार्ट या संशोधकांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. उंच-नीच स्वर ते किती समतोल वाजवतात याचा आणि त्यांच्या किमतीचा काही संबंध सापडला नाही.

आणि खोली! तिच्याकडे कुणी बघतच नाही. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर तो अंगावर येतो, खोलीच्या मधोमध बसलात तर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची दोन हात सरकवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही केबलने पडत नाही. केबलसाठी ठेवलेले पैसे वरच्या दर्जाच्या स्पीकरमध्ये घाला. थोडे उरले तर जाड पडदे आणि गालिचा घ्या. त्यांनी खर्ज आवरत नाही, पण वरचे स्वर भिंतींवरून कर्कशपणे परततात ते मऊ होतात.

राहिला दिरांचा प्रश्न. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची मदत मागा. म्हणा, ‘भावजी, घेण्याआधी एकदा ऐकून बघते, केबल बदलायला तुम्ही थांबा.’ ऐकायचं तुम्ही, कारण पैसे तुमचे आहेत. अँप्लिफायर आणि ते स्वतः चादरीआड असू देत आणि त्यांनी मध्ये बोलू नये. दरवेळी नाणं उडवून कुठली केबल लावायची ते त्यांनी ठरवावं आणि कागदावर लिहावं. तीच केबल पुन्हा आली तरी काढून लावावी, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज येणार नाही. आवाजाच्या बटणाला हात लावू नका, कारण जरासा मोठा आवाजही कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. गाणं तुमच्या पाठ असलेलं घ्या. दरवेळी साधी केबल लावली आहे की महाग, ते तुम्ही फक्त ऐकून ओळखा. असं १६ वेळा करा. १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. मग केबल खुशाल घ्या, आणि निकाल मलाही कळवा, मी तो याच सदरात छापेन.