सिम्युलेशन 106 दिवसांनी बंद पडतं, वेळ डबलमध्ये ठेवू का?

सेन्सर नोडची (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या वायरलेस सेन्सरची) बॅटरी वर्षभर पुरते का, हे तुम्ही ओम्नेट++ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये तपासताय. 106 दिवस उलटले की ओव्हरफ्लोची (संख्या ठरलेल्या जागेत न मावल्याची) एरर येते, म्हणून वेळ डबलमध्ये, म्हणजे दशांश संख्यांच्या प्रकारात, ठेवायचा विचार आहे. कृपा करून तसं करू नका.

ओम्नेट++ वेळ 64 बिटांच्या पूर्णांकात ठेवतं आणि मुळात एकक असतं पिकोसेकंद. त्यात 106 दिवस आणि काही तासच मावतात. एकक नॅनोसेकंद करा, 292 वर्षं मिळतील. आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमधल्या एका ओळीचं काम आहे. मायक्रोसेकंदावर मात्र जाऊ नका: 30 मीटरवरच्या नोडपर्यंत सिग्नलला 100 नॅनोसेकंद लागतात, ते सरळ शून्य होतील.

डबलची अडचण अशी की जसजशी वेळ वाढते तसतशी त्याची अचूकता घटते. वर्षाच्या शेवटी त्यातल्या लगतच्या दोन किमतींमध्ये जवळपास 3.7 नॅनोसेकंदांचं अंतर असतं. शिवाय 0.1 दहा वेळा मिळवून नेमका 1 येत नाही. एकाच क्षणी घडायला हव्यात अशा दोन इव्हेंट (सिम्युलेशनमधल्या घटना) मग मागेपुढे होतात, आणि क्रम बदलला की पुढचा सगळा रन बदलतो.

पण पूर्णांक घेतला म्हणजे अपूर्णांकाचा प्रश्न सुटला असं नाही. मी यात चांगला अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नोडवर घड्याळासाठी 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल असतो, म्हणजे सेकंदाला 32,768 टिक. त्याचा एक टिक 30,517.578125 नॅनोसेकंदांचा. मी 30,518 धरून प्रत्येक टिकला तेवढे मिळवत गेलो. चूक अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी, पण सेकंदाला 13.8 मायक्रोसेकंद आणि दिवसाला जवळजवळ 1.2 सेकंद! घात असा की खरा क्रिस्टलही साधारण इतकाच सरकतो. त्यामुळे नोडची घड्याळं सिम्युलेशनच्या वेळेपासून हळूहळू सरकताना दिसली आणि मला ते अगदी खरंखुरं वाटलं. दोन आठवडे मी सिंक्रोनायझेशनचा (घड्याळं जुळवण्याचा) प्रोटोकॉलच दुरुस्त करत बसलो होतो.

म्हणून मिळवत जाऊ नका. फक्त टिक मोजा आणि दर वेळी त्या मोजणीवरून वेळ काढा. इथे ओव्हरफ्लो पुन्हा गाठतो: वर्षभराच्या टिकांना थेट 100 कोटींनी गुणलं तर गुणाकार 64 बिटांत मावत नाही. आधी मोजणीला 32,768 ने भागा. भागाकार म्हणजे पूर्ण सेकंद, त्यांना 100 कोटींनी गुणा. बाकीला 100 कोटींनी गुणून मग 32,768 ने भागा आणि दोन्हींची बेरीज करा. चूक कायम एका नॅनोसेकंदाच्या आत राहते, साठत नाही.

‘कधीच वाजू नये’ अशा टायमरला कमाल वेळ देत असाल तर तेही थांबवा. त्यात आत्ताची वेळ मिळवली की मर्यादा ओलांडलीच. असा टायमर शेड्यूलच करू नये.

बदल केल्यावर एक दिवसाचा रन घ्या. 2,83,11,55,200 वा टिक बरोबर 86,400 सेकंदांवर पडायला हवा. त्याआधीच, 18 तासांच्या सुमारास, वेळ उलटी किंवा ऋण झाली तर मोजणीचा व्हेरिएबल 32 बिटांचा इंट (पूर्णांक) राहिलाय. तोही 64 बिटांचा करा.