जाहिरातीवरून पानाचे साल

प्रश्न : अमळनेरला मिळालेल्या जुन्या साप्ताहिकाच्या पानावरची तारीख फाटली आहे. त्यात कापड दुकानाची जाहिरात आहे, शिवाय 'शक्तिवर्धक गोळ्या, किं. १२ आणे, व्ही. पी. खर्च निराळा' (व्ही. पी. म्हणजे माल हाती पडताना टपालात पैसे भरायची सोय). दुकानाच्या पत्त्यात 'पू. खानदेश'. साल कसे काढावे?

उत्तर : पत्ता आधी बघा. खानदेशचे पूर्व-पश्चिम जिल्हे १९०६ साली झाले, म्हणजे पान त्यानंतरचे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, पण आणे पुढेही काही काळ चालले. ही हद्द सैल धरा. 'मधुमेह हमखास बरा' असले दावे औषधांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने बंद केले. (कायदा मोडणारे होतेच म्हणा!)

गोळ्यांच्या चित्रावर मात्र विसंबू नका. एकच ब्लॉक (चित्राचा छापायचा ठसा) वर्षानुवर्षे वापरला जाई. कापडवाला जास्त उपयोगी: 'लग्नसराईचा माल' महिना सुचवतो, 'कंट्रोलचे कापड' (सरकारी नियंत्रणातले) १९४० चे दशक.

मग भिंग घ्या. जाहिरातीची जुळणी (ओळीने लावलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे) न मोडता तशीच पुढच्या अंकांना वापरत, त्यामुळे तुटका 'ळ' किंवा वाकलेली चौकट जागच्या जागी दिसते. ग्रंथालयातल्या तारखेच्या अंकांशी ताडून पाहा. खिळा अखंड असलेला शेवटचा अंक शोधा; आपल्या पानावर तोच खिळा तुटका असेल, तर पान त्या अंकानंतरचे. पान लॅमिनेट करू नका.