सिझरनंतर पाचव्या आठवड्यात ऑनलाइन व्यायाम: पैसे भरू का?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका बाळंतिणीचा प्रश्न आलाय. सिझर झालंय, आईचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. इन्स्टाग्रामवर ‘पोट झटपट आत’ छाप कोर्स सारखा समोर येतोय आणि सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर पोटपट्टा बांधलास का म्हणून विचारतात.

अगं, तो कोर्स राहू दे. सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तुझी तपासणी असते. पळणं, उड्या, एरोबिक्स हे सगळं त्यानंतर, आणि सिझरवाल्यांना कधी कधी आणखी थांबावं लागतं. बोलावणं आलं नसेल तर स्वतः फोन कर. तिथे बराच वेळ बाळातच जातो, म्हणून टाके, कंबर, खोकताना लघवी सुटणं, झोप, सगळं कागदावर लिहून ने. लाजू नकोस.

तोवर घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत चाल. आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. असं दहा वेळा. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करता करता मधेच थांबवून मात्र हा सराव करू नकोस. आठवण करून द्यायला एनएचएसचं (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) ‘स्क्वीझी’ ॲप आहे. आठ आठवड्यांनंतरही बेंबीच्या वर-खाली पोटाच्या स्नायूंमध्ये बोटं रुतण्याइतकी फट लागली, तर जीपीला सांगून फिजिओकडे जा. क्रंचेस मारून ती बुजवायला जाऊ नकोस.

पट्ट्याने आधार वाटत असेल तर सैलसर बांध, पण त्याने स्नायू बळकट होत नाहीत. सासूबाईंना एवढंच सांग, ‘डॉक्टरांना विचारून बांधते.’

पुढे क्लास लावशील तेव्हा बाळंतपण कसं झालं, किती आठवडे झाले हे आधी विचारणारी आणि कॅमेऱ्यावर तुला बघून चूक सांगणारी बाई शोध. पुण्याची सकाळी दहाची बॅच म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा तुझ्याकडे पहाटेचे साडेपाच, तेव्हा वेळ आधी बघ.

तू मनाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस, म्हणून मीच विचारते. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं. त्यानंतरही मन उदास असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, तर हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघायला घरी येणाऱ्या नर्सला, ‘ऑल फाइन’ म्हणू नकोस. खरं सांगितलं तर बाळ काढून नेतील, ही भीती आपल्याकडे फार. त्या मदतीसाठीच येतात. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या समुपदेशन सेवेकडे, जीपीच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं, मराठी दुभाषी मागता येतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, तर थेट ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तरी तेच. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी १११ या एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरवर फोन.

आणि हो, क्लास बाळाला पाजून झाल्यावर ठेव, छाती हलकी असते. त्या अर्ध्या तासात बाळ नवऱ्याकडे, दार लावून.